टांझानियातला पहिला रविवार : वाचकांचे प्रश्न

किलिमांजारोच्या पायथ्याशी, मोशी आणि आरुशा या भागातल्या लुथरन मंडळ्यांत काही आठवडे किंवा काही महिने सेवेसाठी जाणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. तिथल्या लुथरन मंडळीला लोक 'केकेकेटी' म्हणतात. १९६३ मध्ये ७ प्रादेशिक मंडळ्या एकत्र येऊन ती बनली आणि आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या लुथरन मंडळ्यांत गणली जाते. बहुतेक पत्रांत काळजी एकच आहे, पहिल्या रविवारी आपल्या हातून काही चुकणार तर नाही ना? म्हणून उत्तरेही त्या एका दिवसाभोवतीच ठेवली आहेत.

तिथल्या पाळकांनी निरोप पाठवला आहे की उपासना 'सा तातू'ला सुरू होते. शब्दकोशात पाहिले तर तातू म्हणजे ३. दुपारी ३ वाजता उपासना असते का? (एक वाचक, मिरज)

नाही, सकाळी ९ वाजता. हा घोळ जवळजवळ प्रत्येक नवख्याचा होतो, म्हणून नीट समजून घ्या. स्वाहिली बोलताना तास मध्यरात्रीपासून मोजत नाहीत, सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्त जवळ असल्याने तिथे वर्षभर सूर्य सकाळी ६ च्या आसपासच उगवतो. त्यामुळे ७ वाजले की दिवसाचा पहिला तास भरला, 'सा मोजा'. ९ म्हणजे 'सा तातू', १० म्हणजे 'सा न्ने', भर दुपारचे १२ म्हणजे 'सा सिता'. आपल्याकडे घटका सूर्योदयापासून मोजायचे, तोच विचार. सोपी खूण अशी, की घड्याळाचा तासकाटा जिथे असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा.

खरा घोटाळा होतो तो दोन्ही पद्धती मिसळल्यावर. पाळक इंग्रजीत बोलत असतील तर ९ म्हणजे ९ च. पण त्याच वाक्यात स्वाहिली आकडा आला तर तो ६ तासांनी वेगळा. निरोपाला उत्तर देताना 'सकाळी ९, म्हणजे सा तातू असुबुही, बरोबर ना?' असे दोन्ही लिहून खात्री करा. असुबुही म्हणजे सकाळ. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे लावायला विसरू नका.

उपासना अडीच-तीन तास चालते. दृढीकरण किंवा कापणीचा सण असेल तर त्याहून जास्त. तीन-चार गायनमंडळे असतात आणि प्रत्येकाला गायचे असते. त्यानंतर निवेदने, मग अंगणातला लिलाव, मग जेवण. दुपारी ४ पर्यंतचा वेळ त्या एका मंडळीसाठी राखून ठेवा. एकाच रविवारी दोन मंडळ्यांना होकार दिलात तर पहिल्या ठिकाणी जेवणाआधी उठावे लागते, आणि ती गोष्ट लोक मनाला लावून घेतात.

अर्धा तास आधी पोहोचा. सरळ उपासनामंदिरात शिरू नका, आधी पाळकांच्या कचेरीत जा. तिथे पाहुण्यांची वही पुढे येईल, तीत नाव, गाव, तारीख आणि एक ओळ लिहायची. मग वडील मंडळी आणि उपासना चालवणारे मिळून प्रार्थना करतात आणि बहुतेक वेळा पाहुण्याला त्यांच्यासोबतच रांगेने आत नेतात. नम्रपणा म्हणून मागच्या बाकावर बसायला जाऊ नका, कोणीतरी तुम्हाला शोधत मागे येईल आणि सगळी उपासना थांबेल. जिथे बसवतील तिथे बसा. आपल्या खेड्यांतल्या काही मंदिरांत वहाणा बाहेर काढतात, तिथे तसे नाही. पायातले काढू नका. कपड्यांचे म्हणाल तर साडी किंवा पूर्ण बाह्यांचा सलवार-कमीज उत्तम, पुरुषांना पूर्ण पँट आणि शर्ट.

माझी मुलगी परिचारिका आहे, ३ महिन्यांसाठी जाते आहे. पहिल्याच दिवशी तिला उभे करून बोलायला सांगतात म्हणे. स्वाहिली तर तिला येत नाही. काय बोलावे? (एक आई, संगमनेर)

सांगतातच. निवेदनांच्या वेळी पाहुण्याला पुढे बोलावून 'सलामू' मागतात. आपल्या सलामाचाच तो भाऊबंद. सलामू म्हणजे उपदेश नव्हे, साक्षही नव्हे. तुम्ही कोणाकडून आलात ते सांगणे, एवढेच. ३ मिनिटे पुरेशी आहेत. या चार ओळी तिच्याकडून पाठ करून घ्या:

ब्वाना येसू असिफिवे! (प्रभू येशूची स्तुती असो. मंडळी 'आमिना!' म्हणेल, तोपर्यंत थांबायचे.)
जिना लांगू नी… (माझे नाव…)
नावालेतेआ सलामू कुतोका कानिसा लेतू ला इंडिया. (भारतातल्या आमच्या मंडळीचा सलाम आणला आहे.)
असांतेनी साना क्वा कुनिकारिबिशा. (माझे स्वागत केलेत, फार आभार.)

स्वाहिलीत जोर नेहमी शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो: सलामू-मधल्या 'ला'वर, कानिसा-मधल्या 'नि'वर. एवढे सांभाळले की उच्चार लोकांना कळतो. आणखी एक सुचवतो. आपल्या मंडळीत म्हणतात ते एखादे मराठी भजन, दोनच कडवी, टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणायला सांगा. भाषा कळली नाही तरी ठेका पहिल्या कडव्यातच धरला जातो, आणि पुढचे तीन महिने ती 'भजन म्हणणारी मुलगी' म्हणून ओळखली जाईल.

रस्त्यात आणि अंगणात भेटणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. वयाने मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हणायचे, ते 'मारहाबा' म्हणतील. शिकामो न म्हणता नुसते हात पुढे करणे म्हणजे आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर मान न लववण्यासारखे. लहान मुले तिलाही शिकामो म्हणतील, तेव्हा 'मारहाबा' तिने म्हणायचे. प्रवासाबद्दल कोणी 'पोले' म्हटले तर 'असांते' म्हणावे. दमलात, त्रास झाला, हे जाणतो, असा त्याचा अर्थ.

मराठी माणसाची खास अडचण नात्यांच्या शब्दांत होते. स्वाहिलीत 'मामा' म्हणजे आई आणि कोणतीही प्रौढ बाई. 'दादा' म्हणजे बहीण. 'काका' म्हणजे भाऊ. 'बाबा' मात्र वडीलच, 'बाबू' म्हणजे आजोबा आणि 'बीबी' म्हणजे आजी. चाळिशीतल्या बाईला मामा म्हणताना सुरुवातीला जीभ अडखळते, पण तिला तोच मान आहे. पाळकांना नावाने हाक मारू नये, 'म्चुंगाजी' म्हणावे. या शब्दाचा मूळ अर्थ मेंढपाळ, म्हणजे आपला 'पाळक'च.

उपासनेतले काही शब्द तर शिकावेच लागत नाहीत. 'इबादा' म्हणजे उपासना, 'सादाका' म्हणजे दानार्पण, 'इंजिली' म्हणजे शुभवर्तमान, 'बाराका' म्हणजे आशीर्वाद, 'किताबू' म्हणजे पुस्तक. अरबीतून ते तिकडेही गेले आणि आपल्याकडेही आले.

पुढे मला दुभाष्यामार्फत उपदेशही करायचा आहे. तयारी कशी करावी? (एक वाचक, जालना)

वेळ निम्मी धरा. तुमचे १० मिनिटांचे बोलणे २० मिनिटांचे होणार. एका वेळी एकच छोटे वाक्य बोला आणि पूर्ण विराम घ्या. अर्ध्या वाक्यावर थांबलात तर दुभाष्याला क्रियापद मिळत नाही आणि तो अंदाजाने पुरे करतो. शब्दखेळ आणि म्हणी सोडून द्या. वचनांचे संदर्भ आदल्या संध्याकाळी त्याला लिहून द्या, पुस्तकांची नावे स्वाहिलीत: माथायो, मार्को, लुका, योहाना, मातेंदो म्हणजे प्रेषितांची कृत्ये, झाबुरी म्हणजे स्तोत्रे. तोंड मंडळीकडे ठेवा, दुभाष्याकडे नको.

भारतातून, त्यातही महाराष्ट्रातून आलो, असे सांगताना जोडून सांगण्यासारखे काही आहे का? आपला आणि त्यांचा तर काहीच संबंध नाही. (एक वाचक, नाशिक)

तुम्ही नाशिकहून लिहिता आहात म्हणून हे उत्तर थोडे मोठे देतो. पूर्व आफ्रिकेच्या मंडळीशी महाराष्ट्राचा एक जुना धागा तुमच्याच गावातून जातो.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमाराने हिंदी महासागरात गुलामांची गलबते अडवली, तेव्हा सुटका झालेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात. त्यांतली बरीच चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिकजवळच्या शरणपूरला आली. तिथे ती शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांतले काही आफ्रिकेला परतले. इतिहासात त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणतात.

जेकब वेनराइट हा त्यांपैकी एक. १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले, आणि त्या वेळी दफनविधीच्या प्रार्थना वाचल्या त्या शरणपूरला शिकलेल्या वेनराइटने. झाडावर नाव कोरले तेही त्यानेच. मग सोबत्यांनी तो देह महिनोन्‌महिने पायी वाहून फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोला, म्हणजे आजच्या टांझानियाच्या किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हाही वेनराइट तिथे हजर होता.

शेजारच्या केनियात मोंबासाजवळ १८७५ मध्ये फ्रीअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. तिला नाव दिले ते मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचे. तिच्या उभारणीत शरणपूरच्या विल्यम जोन्स यांच्यासारख्या माणसांचा हात होता, आणि जोन्स पुढे दीक्षित पाळक झाले.

म्हणजे नाशिकचा माणूस तिथे उभा राहतो तेव्हा तो परका नसतो. तुमच्या सलामूत हे चार वाक्यांत सांगा: मी त्या गावाहून आलो, जिथे तुमच्या भूमीतली मुले शरण आली, शिकली आणि परत येऊन त्यांनी इथे सेवा केली. पण 'आम्ही तुम्हाला शिकवले' असा सूर चुकूनही येऊ देऊ नका. या गोष्टीत कष्ट आणि धैर्य त्यांचे आहे. शरणपूरने छप्पर दिले.

दानार्पणाच्या वेळी पाहुण्याने किती टाकावे? आणि उपासनेनंतर कोंबड्यांचा लिलाव होतो हे खरे का? (एक वाचक, सोलापूर)

खरे आहे, आणि तो पाहण्यासारखा असतो.

आधी दानार्पण. ते एकदाच होत नाही, एका उपासनेत दोन-तीन वेळा होऊ शकते: नेहमीचे, बांधकामाचे, एखाद्या गायनमंडळाचे. लोक बाकांच्या ओळींनी उठून पुढे जातात आणि पेटीत टाकतात. खिशात १,००० आणि २,००० शिलिंगांच्या सुट्या नोटा ठेवा, प्रत्येक वेळी एक. सगळी रक्कम पहिल्याच पेटीत टाकली की पुढच्या फेऱ्यांना रिकाम्या हाताने चालावे लागते. डॉलर किंवा रुपये टाकू नका, खजिनदाराला ते बदलायला शहर गाठावे लागते. मोठी देणगी द्यायची असेल तर ती पेटीत नव्हे, नंतर कचेरीत, पावती घेऊन.

ज्यांच्याकडे रोख नसते ते घरचे आणतात: अंडी, केळीचा घड, घेवड्याचे दाणे, ऊस, दूध, जिवंत कोंबडी. आशीर्वचनानंतर सगळी मंडळी अंगणात गोल उभी राहते आणि एखादे वडील किंवा सुवार्तिक हे जिन्नस एकेक करून उचलून बोली लावतात. याला 'म्नादा' म्हणतात. पैसा मंडळीच्या खात्यात जातो. गरिबाचे चार अंडी हे दानही सगळ्यांसमोर हातात धरून उंच केले जाते, त्याची किंमत बोलली जाते, हे आम्हाला त्या दिवसातले सर्वांत सुंदर वाटते.

इथे पाहुण्याने तीन चुका टाळाव्यात. एक, कोणाला हात हलवून नमस्कार करू नका, ती बोली समजली जाते. दोन, किमती चढवत नेऊ नका. बाजारभाव कोणाला तरी हळूच विचारा आणि एखादी छोटी वस्तू, केळी किंवा अंडी, भावाच्या थोडे वर घ्या. पाहुण्याने दहापट बोली लावली तर गावातली बाई, जिला संध्याकाळच्या जेवणासाठी ती केळी खरोखर हवी होती, गप्प बसते. तीन, कोणी कोंबडी विकत घेऊन तुमच्याच हातात दिली तर 'मी काय करू हिचे' असे म्हणू नका. दोन्ही हातांनी घ्या, आभार माना, आणि नंतर ज्यांच्या घरी उतरला आहात त्या घरच्या मामांकडे द्या. विकू नका, त्याच अंगणात दुसऱ्यालाही देऊ नका.

खांद्यावर 'कांगा', म्हणजे बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील कापड, घातली तर तीही तशीच राहू द्या, किमान अंगण सोडेपर्यंत. कांगेच्या काठावर स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते. तिचा अर्थ विचारा. देणारीने ती ओळ बघूनच निवडलेली असते.

स्वागताच्या वेळी कागदावरून एक लांबलचक भाषण वाचतात आणि शेवटी मागण्या असतात, असे ऐकले. त्या वेळी काय उत्तर द्यावे? (एक वाचक, अहिल्यानगर)

या पानावरचा हा सर्वांत गंभीर प्रश्न आहे.

त्या भाषणाला 'रिसाला' म्हणतात. सचिव किंवा युवक संघाचे कोणी ते उभे राहून वाचतात आणि वाचून झाल्यावर कागद पाहुण्याच्या हातात देतात. त्याची बांधणी ठरलेली असते: स्वागत, मंडळीचा इतिहास, सभासद किती, गायनमंडळे किती, गेल्या काळात काय बांधले, आता काय अडले आहे. अडलेल्या गोष्टी बहुधा छताचे पत्रे, पाण्याची टाकी, बालवाडीची बाके, मुलांच्या शाळेची फी अशा असतात. ऐकणाऱ्याला वाटते की आपल्याकडे हात पसरला जातो आहे. तसे नाही. रिसाला बिशपांसमोरही वाचतात, सरकारी अधिकाऱ्यांसमोरही. आपले घर पाहुण्याला पूर्ण दाखवायचे, गळके छप्परसुद्धा झाकायचे नाही, अशी ती रीत आहे.

संकट इथे उभे राहते: पाहुण्याचे मन भरून येते आणि तो म्हणतो, 'मी भारतात जाऊन प्रयत्न करतो.' आपल्या कानाला हे सौम्य वाक्य आहे. भाषांतरात ते 'आहादी' होते, म्हणजे वचन. बैठकीच्या नोंदवहीत ते लिहिले जाते. पुढच्या वर्षी वडील मंडळी पत्र्यांची वाट पाहतात, काही ठिकाणी तर भिंती उभ्या करून ठेवतात. पत्रे आले नाहीत की दोष त्या पाळकांवर येतो, ज्यांनी पाहुणा आणला.

म्हणून उत्तर आधीच ठरवून ठेवा. कागद दोन्ही हातांनी घ्या. 'निमेपोकेआ', म्हणजे मला मिळाला, स्वीकारला. मग मंडळीने स्वतःच्या बळावर जे केले त्यातल्या दोन गोष्टी नाव घेऊन सांगा: रिसाल्यात ते असतेच, पण पाहुणे फक्त मागण्यांवर बोलतात. मग 'नितावाफिकिशिया', हे मी त्यांच्यापर्यंत पोचवीन, म्हणजे ज्यांनी मला पाठवले त्यांच्यापर्यंत. एवढेच, आणि तेही खरोखर पोचवणार असाल तरच. रक्कम नको, महिना नको, 'बघू' नको.

मदत द्यावीशी वाटली तर तिचा रस्ता आहे. मंडळीला 'उशारिका' म्हणतात, तिच्यावर 'जिंबो' म्हणजे जिल्हा, त्यावर 'दायोसिसी' म्हणजे बिशपांचा प्रांत. पैसा या वाटेने गेला की हिशेब राहतो आणि शेजारच्या मंडळीचाही विचार होतो. एका तरुणाने बाजूला घेऊन फीची गोष्ट काढली, तर ऐका, पण त्याच्या खात्यावर पैसे टाकू नका. पाळकांना सांगू का, असे त्यालाच विचारा. खरी गरज असलेला बहुधा हो म्हणतो.

भेट न्यायची तर मंडळीला न्या, व्यक्तीला नको: आपल्या मंडळीचा फोटो चौकटीत, किंवा वेदीसाठी हातविणीचे कापड. सर्वांसमोर वडिलांच्या हाती द्या. फराळ नेणार असाल तर प्लास्टिकच्या पिशव्यांतून नको. टांझानियात १ जून २०१९ पासून त्यांवर बंदी आहे आणि त्या विमानतळावरच काढून घेतात. कापडी पिशव्या आणि डबे वापरा.

काम लगेच सुरू करावे की काही दिवस थांबावे? (एक वाचक, वसई)

तिथे म्हणतात, 'म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे': पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. रविवारी आणि सोमवारी पाहुणचार घ्या, मंगळवारी तुम्हीच विचारा, काय करू? पहिले काम भांडी घासण्याचे मिळाले तरी घ्या.

जेवणाचे काय? पोटाची भीती वाटते. (एक वाचक, सांगली)

जेवणाआधी कोणीतरी कोमट पाण्याचे भांडे आणि पातेले घेऊन येते आणि हातावर पाणी घालते. उजव्या हाताने जेवायचे, हे आपल्याला शिकावे लागत नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट 'उगाली', भात, चपाती, घेवड्याचे 'माहारागे', माठासारखी 'म्चिचा' ही पालेभाजी, आणि किलिमांजारोच्या उतारावर कच्च्या केळ्यांत मांस शिजवलेले 'माचालारी'. सोबत 'काचुंबारी' येते, तिची ओळख करून द्यायला नको. मांस खात नसाल तर दोन दिवस आधी कळवा, 'सिली न्यामा'. ताटावर बसून सांगितलेत तर ज्या घरी तुमच्यासाठी बोकड कापला त्या घराची फार पंचाईत होते. पोट भरले की 'निमेशिबा'. पाणी उकळलेले किंवा बाटलीबंदच प्या. चहा निर्धास्त घ्या. 'म्बेगे' ही केळी आणि नाचणीची दारू आहे, नको असेल तर सरळ नाही म्हणा, कोणी वाईट मानत नाही.

व्हिसा आणि लसीबद्दल थोडक्यात सांगाल का? (अनेक वाचक)

पर्यटक व्हिसावर मंडळीला भेट देता येते, उपासनेला बसता येते. शाळेत शिकवणे किंवा दवाखान्यात काम करणे त्यावर चालत नाही. स्वयंसेवकांसाठी सी वर्गाचा निवास परवाना असतो, आणि अर्जाला यजमान मंडळीचे पत्र लागते. त्या पत्रात कामाचे स्वरूप आणि मुदत दोन्ही हवीत, नुसते निमंत्रण पुरत नाही. परिचारिका आणि डॉक्टरांना तिथल्या नोंदणीची परवानगी वेगळी घ्यावी लागते. तिकीट काढण्याआधी हे सुरू करा.

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि पिवळे कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. लस घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड लागू होते. ते आयुष्यभर चालते, म्हणून जपा. नैरोबी किंवा अदिस अबाबाला विमान बदलून परतणाऱ्याकडे भारतात उतरताना ते मागू शकतात. नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने न्या आणि परत आल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करा. जंतू यकृतात दडून राहतात आणि रक्तात नंतर उतरतात, म्हणून घरी पोचताच गोळ्या थांबवणारे आजारी पडू शकतात. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना आधी प्रवास सांगा, मग ताप.